इस्पितळाच्या अंगणातली शाळा

ह्यूस्टनच्या शाळा मंडळाने आणि बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनने मिळून १९७२ साली एक हायस्कूल सुरू केले. ‘हायस्कूल फॉर हेल्थ प्रोफेशन्स’ एवढेच त्याचे नाव. स्वतःची इमारत नव्हती, मैदान नव्हते. मोजक्या मुलामुलींचे वर्ग मेडिकल कॉलेजच्या आवारातच भरत. टेक्सासमध्ये हायस्कूलचे सगळे जग शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याभोवती फिरते. असे असूनही पंधरा-सोळा वर्षांची मुले आपल्या गल्लीतली शाळा, तिथले मित्र आणि तिथले मैदान सोडून रोज शहर ओलांडून यायला तयार झाली. आरोग्यसेवेलाच वाहिलेले असे सरकारी हायस्कूल अमेरिकेत तोवर नव्हते. २०२२ मध्ये शाळेने पन्नाशी गाठली. पुढे तिला डॉ. डीबेकींचे नाव मिळाले, आणि आज ‘डीबेकी’ म्हटले की ह्यूस्टनमधल्या मराठी घरांत आठवीतल्या मुलाचे आईवडील कान टवकारतात. पण त्या नावामागची पन्नास वर्षे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतात, कारण आपण या शहरात आलो तेव्हा शाळा नावारूपाला आलेली होती.

या शाळेची मुळे दोन ठिकाणी शोधावी लागतात. एक इस्पितळात, दुसरे कोर्टात.

आधी इस्पितळाचे. बेलरचे मेडिकल कॉलेज १९४३ मध्ये डॅलसहून ह्यूस्टनला आले तेव्हा त्याला धड जागाही नव्हती. सीअर्स कंपनीच्या जुन्या गोदामात वर्ग सुरू झाले. १९४५ मध्ये टेक्सास मेडिकल सेंटरची स्थापना झाली आणि दोन वर्षांनी कॉलेज तिथे स्वतःच्या इमारतीत गेले. १९४८ मध्ये डॉ. मायकल डीबेकी तिथे शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख म्हणून आले. पुढच्या वीस वर्षांत डीबेकी आणि डेंटन कूली या दोन सर्जनांमुळे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जगभरातले रोगी ह्यूस्टनची वाट धरू लागले. माणसाच्या छातीत पूर्ण कृत्रिम हृदय बसवण्याचा पहिला प्रयोग १९६९ मध्ये इथेच झाला.

त्याच शहरात गरिबांच्या सार्वजनिक इस्पितळात रात्रपाळीला पुरेशा नर्स नव्हत्या. यान द हार्टोग हे डच लेखक आणि त्यांच्या पत्नी जेफरसन डेव्हिस इस्पितळात स्वयंसेवक म्हणून राबत होते. तिथली दैना त्यांनी १९६४ मध्ये ‘द हॉस्पिटल’ या पुस्तकात मांडली तेव्हा शहर हादरले. १९६५ मध्ये मतदारांनी सार्वजनिक इस्पितळांसाठी स्वतंत्र जिल्हा आणि त्यासाठी कर मंजूर केला. त्याच वर्षी मेडिकेअर आणि मेडिकेड आले. म्हाताऱ्यांना आणि गरिबांना इस्पितळाची पायरी चढणे शक्य झाले, आणि त्यांची शुश्रूषा करायला माणसे कमी पडू लागली. डॉक्टर हवेच होते, पण त्यांच्याहून कितीतरी जास्त संख्येने नर्स, एक्स-रे काढणारे, रक्त तपासणारे, श्वासोपचार करणारे, दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून उभे राहणारे हवे होते. १९६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अशा सहायक व्यवसायांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा कायदा केला. मेडिकल सेंटरच्या आसपासच्या वस्त्यांत काम मागणारे तरुण होते आणि सेंटरमध्ये रिकाम्या जागा होत्या. मधला पूल मात्र कोणी बांधला नव्हता.

आता कोर्टाचे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा अशा वेगळ्या शाळा चालवणारा देशातला सर्वांत मोठा शाळा-जिल्हा ह्यूस्टनचा होता. निकाल लागला म्हणून शाळा एकत्र झाल्या नाहीत. १९५६ मध्ये दोन काळ्या मुलींच्या वतीने जिल्ह्यावर खटला भरावा लागला. १९६० मध्ये न्यायाधीशांनी दर वर्षी एक इयत्ता या हिशेबाने शाळा खुल्या करायला सांगितले, म्हणजे पहिलीपासून सुरुवात आणि बारावीला पोहोचेपर्यंत बारा वर्षे. जे मूल तेव्हा पाचवीत होते त्याच्या वाट्याला या आदेशातून काहीच येणार नव्हते. १९७० मध्ये गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांतल्या शाळांच्या जोड्या लावायची योजना आली. तीत मेक्सिकन मुलांची गणना ‘गोरे’ म्हणून करून त्यांना काळ्या मुलांच्या शाळांशी जोडले गेले. खऱ्याखुऱ्या गोऱ्या शाळा बऱ्याचशा जशाच्या तशा राहिल्या. मेक्सिकन पालक चिडले, त्यांनी मुले शाळेतून काढली आणि चर्चमध्ये, समाजमंदिरांत संपाच्या शाळा भरवल्या. जिल्ह्याने मेक्सिकन अमेरिकनांना वेगळा अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली ती १९७२ मध्ये. आपली शाळा त्याच वर्षी सुरू झाली.

सक्तीने मुलांना इकडून तिकडे न्यायचे ठरले की गोरी कुटुंबे उपनगरांत घर घेत. मुले मिसळायची असतील तर ती आपणहून यावीत असे काहीतरी शाळेतच असले पाहिजे, हा विचार तेव्हा अनेक शहरांत चालू होता. मॅग्नेट स्कूल त्यातून निघाले. राहत्या भागाचे बंधन नाही, एखादा विषय इतर कुठे मिळणार नाही इतका नेटाने शिकवायचा, आणि शहरभरातून मुले येऊ द्यायची. डॅलसमध्ये स्कायलाइन हायस्कूल १९७१ मध्ये उघडले. ह्यूस्टनमध्ये त्याच वर्षी नाट्य, संगीत, नृत्य आणि चित्रकलेचे हायस्कूल एका जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत सुरू झाले. आरोग्याचे हायस्कूल त्यापाठोपाठ आले. जिल्ह्याची रीतसर मॅग्नेट योजना मात्र १९७५ ची. म्हणजे ही दोन हायस्कुले योजनेच्या आधीची आहेत, आणि ती चालतात हे दिसल्यावर योजना करणाऱ्यांना धीर आला असावा असे मला वाटते.

पोटापाण्याची विद्या शाळेत शिकवायची म्हटले की अमेरिकेतही नाके मुरडली जात. धंदेशिक्षणाचे वर्ग म्हणजे पुस्तकात डोके न चालणाऱ्यांची सोय, आणि बहुतेक शहरांत गरीब आणि काळ्या मुलांची तिकडे रवानगी ठरलेली. जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेचे शिक्षण आयुक्त सिडनी मार्लंड यांनी मुख्याध्यापकांच्या अधिवेशनात या विभागणीवरच हल्ला चढवला. प्रत्येक मुलाचे शिक्षण त्याला पुढच्या कामाकडे नेणारे हवे, कॉलेजची मुले आणि कामाची मुले असे दोन रस्ते नकोत, असा त्यांचा आग्रह होता. ते अधिवेशन ह्यूस्टनमध्येच भरले होते.

आपल्याकडे भारतात हा विचार नवा नव्हता. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने उच्च माध्यमिक टप्प्यावरची निम्मी मुले व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत असे सुचवले होते आणि कार्यानुभव हा विषयही त्याच आयोगाचा. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी आधी पुष्कळ काम केले होते. त्यांची कळकळ खरी होती, पण कार्यानुभवाचा तास आपल्यातल्या अनेकांच्या शाळेत कागदाची फुले करण्यात गेला. शाळेशेजारी कारखाना होता, दवाखाना होता, पण त्यांचे दार शाळेसाठी उघडले नाही आणि शाळेनेही ते ठोठावले नाही. ह्यूस्टनच्या या शाळेचा इतिहास वाचताना मला सतत हेच जाणवत राहते, की इथे दार उघडले गेले, आणि ते आतून उघडले गेले.

१९६९ मध्ये बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन बेलर विद्यापीठापासून वेगळे झाले आणि डीबेकी त्याचे अध्यक्ष झाले. शाळा निघाली तेव्हा तेच अध्यक्ष होते. मेडिकल कॉलेजला हायस्कूलच्या मुलांशी काय देणेघेणे, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर तो वावगा ठरला नसता. तिथे संशोधन होते, शस्त्रक्रिया होत्या, जागेची चणचण होती. त्या आवारात किशोरवयीन मुलांना वावरू देणे म्हणजे जोखीमच. पण कॉलेजने जागा दिली, अभ्यासक्रम ठरवायला आपली माणसे दिली आणि पन्नास वर्षांत हा हात सोडला नाही. शाळा मंडळे बदलली, अधीक्षक बदलले, पैशाची ओढाताण झाली, तरी ही जोडी टिकली. अमेरिकेतल्या सरकारी शाळांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना अशा भागीदाऱ्या सहसा किती दिवस टिकतात ते ठाऊक आहे.

डीबेकींचे स्वतःचे शिक्षण पाहिले तर त्यांचे नाव या शाळेला किती शोभते ते कळते. लुइझियानातल्या लेक चार्ल्समध्ये १९०८ साली लेबनॉनहून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईकडून ते लहानपणीच शिवणकाम शिकले. मेडिकलचे विद्यार्थी असताना त्यांनी एक रोलर पंप तयार केला. तोच पुढे हृदय-फुप्फुस यंत्राचा महत्त्वाचा भाग झाला. १९५० नंतर फुगलेल्या महाधमनीच्या जागी बसवायला नळी हवी होती. डीबेकी ह्यूस्टनच्या एका मोठ्या दुकानात नायलॉनचे कापड आणायला गेले. नायलॉन संपले होते, डॅक्रॉन होते. त्यांनी तेच घेतले, घरी येऊन बायकोच्या शिवणयंत्रावर दोन तुकडे जोडून नळी शिवली. डॅक्रॉन शरीराला मानवले आणि पुढे जगभर अशा नळ्या वापरल्या गेल्या. आईने शिकवलेला टाका आणि मेडिकल कॉलेजात शिकलेले शरीरशास्त्र यांत त्या माणसाने कधी भेद केला नाही.

शाळेने ही वृत्ती अभ्यासक्रमात उतरवली. गणित, विज्ञान, भाषा, इतिहास हे चांगल्यातल्या चांगल्या हायस्कूलइतके कठीण, आणि त्याच्या जोडीला दर वर्षी आरोग्यशास्त्र. सुरुवातीच्या इयत्तांत वैद्यकातली परिभाषा, शरीररचना, आरोग्यसेवेतले वेगवेगळे व्यवसाय. मग प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास, जिथे वर्गात बाकांऐवजी इस्पितळाच्या खाटा असतात. वरच्या वर्गातली मुले मेडिकल सेंटरमधल्या विभागांत जाऊन तिथले काम पाहतात, जमेल तिथे हातभार लावतात.

या रुग्णसेवेच्या तासाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. रक्तदाब घेणे आपल्याला सोपे वाटते, कारण आता घरोघरी बटणाचे यंत्र आहे. तिथे ते कानाने शिकावे लागते. मूल वर्गमित्राच्या दंडाला पट्टा बांधते, कोपराच्या आतल्या बाजूला नाडी चाचपते, तिथे स्टेथोस्कोप ठेवते. पट्टा फुगवत नेला की नाडीचा आवाज बंद होतो. मग हवा अगदी हळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आणि ठोके विरून जातात तिथे खालचा. हवा घाईने सोडली की पहिला ठोका निसटतो आणि आकडा चुकतो. चुकला तर लगेच पुन्हा पट्टा फुगवायचा नाही, हाताला विसावा द्यायचा. पंधरा वर्षांच्या मुलाला थांबायला शिकवणे हे फार मोठे शिक्षण आहे.

तसेच रोगी खाटेवर असताना चादर बदलणे. रोग्याला एका कुशीवर वळवायचे, मागची चादर लांबट गुंडाळी करत त्याच्या पाठीपर्यंत आणायची, नवी चादर अर्धी पसरून तिचीही गुंडाळी तिथेच ठेवायची. मग रोग्याला त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर न्यायचे, जुनी चादर ओढून घ्यायची, नवी ताणून घ्यायची. हे सगळे करताना अंगावरचे पांघरूण ढळू द्यायचे नाही आणि काय करतो आहोत ते रोग्याला सांगत राहायचे. आळीपाळीने मुले स्वतः रोगी होऊन खाटेवर पडतात. परक्या हातांनी आपल्याला वळवले की कसे वाटते हे ज्याने अनुभवले तो उद्या सर्जन झाला तरी खाटेवरच्या माणसाशी वेगळे वागेल, याबद्दल मला शंका नाही. आणि जो सर्जन झाला नाही, नर्स किंवा तंत्रज्ञ झाला, त्याला आपले काम कमी दर्जाचे आहे असे या शाळेने कधी वाटू दिले नाही.

१९७५ नंतर शाळा जिल्ह्याच्या मॅग्नेट योजनेचा भाग झाली. शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून बसगाड्या धावू लागल्या. वर्गात काळी, मेक्सिकन आणि गोरी मुले ठरावीक प्रमाणात असावीत असा योजनेचा दंडक होता. पुढे शाळा मेडिकल सेंटरजवळच शेनान्डोआ रस्त्यावरच्या स्वतःच्या इमारतीत गेली आणि तिथे तिने बरीच वर्षे काढली. ऐंशीच्या दशकात जिल्ह्यावरचा जुना खटला निकालात निघाला. नव्वदीत प्रवेशासाठी वंश पाहणेही बंद झाले. त्या काळात आणि नंतरही शार्लसेटा डीसन या मुख्याध्यापिकेने शाळेची धुरा दीर्घकाळ वाहिली. १९९६ मध्ये शाळेला डॉ. डीबेकींचे नाव दिले गेले. तेव्हा ते सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते आणि काम करत होते. २००५ च्या अगदी शेवटी त्यांच्या स्वतःच्या महाधमनीला चीर गेली आणि २००६ मध्ये त्यांनीच शोधलेल्या पद्धतीची शस्त्रक्रिया त्यांच्यावर झाली. त्यातून ते उठले, आणि जुलै २००८ मध्ये, शंभरी दोन महिन्यांवर असताना, वारले.

या शाळेचे बीज दूरवर गेले. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या मर्सिडीस गावात १९८४ मध्ये अशाच धर्तीचे आरोग्य-हायस्कूल निघाले. त्या भागात डॉक्टरांची संख्या फार तोकडी होती. २००८ मध्ये कतारच्या दोहा शहरात डीबेकींच्याच नावाने शाळा उघडली.

२०१२ मध्ये ह्यूस्टनच्या मतदारांनी शाळांच्या इमारतींसाठी १.८९ अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, त्यातून शाळेला नवी इमारत मिळाली. ती मेडिकल सेंटरच्या आवारातच, प्रेसलर रस्त्यावर, पाच मजली. जिथे शाळा जन्मली तिथेच ती परत आली. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस तिथे वर्ग सुरू व्हायचे होते, पण नेमके तेव्हा हार्वे वादळ आले. शहर पाण्याखाली गेले आणि शाळांचे वर्ष ११ सप्टेंबरला सुरू झाले. त्या दिवशी वर्गात बसलेल्या कित्येक मुलांच्या घरी अजून ओल्या भिंती फोडण्याचे काम चालू असणार. त्यानंतर तीनच वर्षांत कोविड आला. ज्या शाळेचा जीव प्रत्यक्ष हात लावून शिकण्यात, तिची मुले पडद्यासमोर बसली आणि शेजारची इस्पितळे ओसंडून वाहत होती.

आता नऊशेच्या आसपास मुले इथे शिकतात. राज्यातल्या उत्तम हायस्कुलांच्या याद्यांत शाळेचे नाव नेहमी वर असते. ह्यूस्टन विद्यापीठ आणि बेलर यांच्याबरोबरच्या एका खास योजनेतून इथल्या निवडक मुलांना पदवीसाठी शिष्यवृत्ती मिळते आणि मेडिकलच्या प्रवेशाचा रस्ताही आधीच मोकळा होतो. साहजिकच अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात, गुण आणि परीक्षा यांवर निवड होते. आशियाई मुलांचे प्रमाण जिल्ह्यातल्या त्यांच्या प्रमाणाच्या अनेक पट आहे, आणि त्यांत आपलीही मुले आहेत. त्यांनी मेहनतीने जागा मिळवली आहे. ती त्यांची आहेच.

पण या शाळेचा इतिहास लिहायचा तर हेही लिहिले पाहिजे, की ती मुळात ज्यांच्यासाठी काढली त्यांच्या घरात इस्पितळ कोणी आतून पाहिलेले नव्हते, पाहिले असेल तर खाटेवरून. आपल्या मुलांना घरी अभ्यासाचे टेबल असते, ओळखीत चार डॉक्टर असतात, अर्जाची तारीख आईवडिलांना वर्षभर आधी पाठ असते. फिफ्थ वॉर्डातल्या किंवा ईस्ट एंडमधल्या हुशार मुलीला यांतले काहीच नसते. तिच्या माध्यमिक शाळेत विज्ञानाचा चांगला शिक्षक असला, अर्ज भरून घेणारा समुपदेशक असला आणि सकाळी वेळेवर बस आली, तरच ती इथवर पोहोचते. यांतले एक जरी हुकले तरी गळती सुरू होते, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण वर्ग भरलेलेच दिसतात. जिल्ह्याने शाळेचा निकाल जितक्या अभिमानाने सांगावा तितक्याच बारकाईने ही वाटही राखली पाहिजे. अजूनही काळी आणि लॅटिनो मुले मोठ्या संख्येने इथे येतात, आणि माझ्या दृष्टीने याद्यांतल्या क्रमांकापेक्षा हे शाळेचे मोठे यश आहे.

इथून बाहेर पडलेली सगळी मुले डॉक्टर होत नाहीत. कोणी औषधनिर्माणशास्त्राकडे जातात, कोणी नर्सिंगकडे, कोणी प्रयोगशाळेत, आणि काहींना याच चार वर्षांत कळते की रक्त पाहणे आपल्याला जमणार नाही. अठराव्या वर्षी हे कळले म्हणजे वैद्यकीय शिक्षणात दहा वर्षे आणि घरादाराची पुंजी घातल्यावर कळायचे टळले.

वरच्या वर्गातल्या मुलांना विभागात घ्यायला दर वर्षी कोणीतरी हो म्हणावे लागते. लस टोचल्याचे दाखले, गुप्ततेचे नियम, देखरेखीचा वेळ हे सगळे त्या माणसाच्या अंगावर येते, आणि त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. मेडिकल सेंटरमध्ये आपले पुष्कळ मराठी डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ आणि संशोधक काम करतात. पुढच्या वेळी शाळेकडून विचारणा आली तर त्यांनी आपल्या वेळापत्रकात एका मुलापुरती जागा काढावी.